काळ्या घोड्याचा रस्ता आणि तीन दारं

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

१९८१ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. अब्बांचं बोट धरून पहिल्यांदाच मुंबईला आलो होतो. अब्बा सोलापूरला गवंडीकाम करायचे. माहीमला राहणारे आमचे एक मामू आजारी होते, त्यांना भेटून झालं होतं. परतीची गाडी रात्रीची. हाताशी अख्खा दिवस होता, म्हणून अब्बांनी मला मुंबई दाखवायची ठरवली. मुंबई दाखवायची म्हणजे समुद्र दाखवायचा. व्ही.टी.ला उतरून आम्ही पायीच गेट वे ऑफ इंडियाकडे निघालो. फ्लोरा फाउंटन मागे पडलं, दोन्ही बाजूंना जुन्या दगडी इमारती लागल्या, आणि रीगल सिनेमाच्या अलीकडे एका कुंपणाच्या गजांपाशी अब्बा एकदम थबकले.

आत झाडं होती, हिरवळ होती. त्यामागे एक भलीमोठी दगडी इमारत, आणि तिच्या माथ्यावर घुमट. अब्बा बराच वेळ वर बघत राहिले. मग आमच्या दखनीत म्हणाले, "ये हमारा बिजापूर यां कैसा आया रे?"

सोलापूरकरांना विजापूर लांब नाही. शाळेच्या सहलीत मी गोल घुमट पाहिला होता, त्यात ओरडून प्रतिध्वनी ऐकला होता. अब्बा तर तिथं डागडुजीच्या कामावर गेलेल्या गवंड्यांच्या गोष्टी सांगायचे. मी म्हटलं, "चला ना, आत जाऊन बघू." अब्बांनी स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नको. मोठ्या लोकांची जागा दिसते. कोणी काही बोललं तर?" आम्हाला कोणीही हटकलं नव्हतं. आम्हीच आत गेलो नाही. गेट वे बघितला, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि रात्रीची गाडी पकडली.

तो रस्ता म्हणजे आजचा महात्मा गांधी मार्ग, आणि ती इमारत म्हणजे तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या रस्त्यावर हाकेच्या अंतरावर तीन कलादालनं आहेत. तिघांचे बांधकामाचे काळ वेगळे, दगड वेगळे, स्वभाव वेगळे. आपण संग्रहालयात जातो ते आतल्या वस्तू बघायला. पण त्या वस्तूंना पोटात घेऊन उभी असलेली इमारत हीसुद्धा एक वस्तूच असते, आणि ती बघायला तिकीटही लागत नाही. त्या इमारतींविषयी आज बोलू.

आधी रस्त्याची गोष्ट. मुंबईच्या किल्ल्याला एके काळी खरोखरीची तटबंदी होती. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान होतं, त्याला एस्प्लनेड म्हणत. १८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. शहराला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि मैदानाच्या कडेनं एस्प्लनेड रोड आकाराला आला. तोच आपला महात्मा गांधी मार्ग. तट पडल्यावर त्याच्या काठानं भराभर इमारती उठल्या. बिडाच्या सांगाड्यावर उभारलेलं वॉटसन हॉटेल इथलंच. त्याचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणले होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती या हॉटेलात. पुढे १८७० साली पुरी झालेली डेव्हिड ससून लायब्ररी, आणि तिच्या शेजारी एल्फिन्स्टन कॉलेज. टोकदार कमानी, उंच छपरं, कोरीव दगड. या धाटणीला गॉथिक म्हणतात. युरोपातल्या चर्चमधून ती इथं आली.

आणि या सगळ्यांच्या मधोमध घोडा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी त्यांचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. तो १८७९ साली इथं बसला. लोकांनी राजपुत्राकडे फारसं लक्ष दिलं नाही, लक्ष दिलं ते घोड्याकडे. ब्राँझचा काळा घोडा, म्हणून सगळ्या भागालाच नाव पडलं 'काळा घोडा'. १९६५ साली पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. २०१७ साली त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभा केला गेला. या नव्या घोड्यावर स्वार नाही.

आता पहिलं दार. १९०५ साली पुन्हा एक प्रिन्स ऑफ वेल्स आले, पुढे पंचम जॉर्ज झाले ते. त्यांच्या भेटीचं स्मारक म्हणून मुंबईतल्या प्रतिष्ठित नागरिकांनी एक संग्रहालय बांधायचं ठरवलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी राजपुत्रांच्या हस्ते कोनशिला बसली. नाव राजपुत्राचं लागलं. पैसा कुणाचा लागला, हे मात्र मी मुद्दाम शोधून वाचलं. भेटीच्या स्मारकासाठी जमलेला निधी होता. सरकारनं तीन लाख रुपये दिले, महापालिकेनं अडीच लाख. गिरणीमालक सर करीमभाई इब्राहिम यांनी एकट्यानं तीन लाख दिले, सर कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार. महापालिकेचे अडीच लाख म्हणजे शेवटी शहरानं भरलेल्या कराचाच पैसा. त्या करात गल्लीतला दुकानदार असेल, चाळीचा मालक असेल, आणि त्या चाळीचं भाडं भरणारा माझ्या अब्बांसारखा एखादा गवंडीही असेल. 'मोठ्या लोकांची जागा' म्हणून आम्ही ज्या फाटकातून परत फिरलो, त्या फाटकामागच्या इमारतीत असे पैसे होते.

इमारतीच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेतली गेली आणि १९०९ साली काम मिळालं जॉर्ज विटेट यांना. हा स्कॉटलंडचा माणूस. जन्म १८७८चा, म्हणजे तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला. १९०४ साली तो हिंदुस्थानात आला आणि इथलाच झाला. गेट वे ऑफ इंडियाही त्याचाच. १९२६ साली मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावला.

विटेटपुढे प्रश्न होता तो असा: मुंबईत इंग्रजांनी तोवर गॉथिक इमारतींची रांग लावली होती. संग्रहालयात तर इथल्या मूर्ती, इथली चित्रं, इथली शस्त्रं राहणार. त्यांच्यासाठी चर्चच्या धाटणीचं घर बांधायचं का? त्याच्या आधीपासूनच काही इंग्रज अभ्यासकांचं लक्ष विजापूरकडे गेलं होतं. आदिलशाही वास्तूंवरचा फर्ग्युसन आणि मेडोज टेलर यांचा मोठा ग्रंथ १८६६ सालीच निघाला होता. व्ही.टी.जवळच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या घुमटावर विजापूरचीच छाया आहे. तो आराखडा विटेटचे वरिष्ठ जॉन बेग यांचा. विटेटनं तीच वाट पुढे नेली.

या शैलीला पुस्तकांमध्ये 'इंडो-सारासेनिक' म्हणतात. सारासेन हा युरोपीय लोकांचा अरबांसाठी आणि पुढे सगळ्याच मुसलमानांसाठी वापरलेला जुना शब्द. आमच्या मोहल्ल्यात हा शब्द कुणी ऐकलेला नाही. शब्द परका आहे, कमान मात्र ओळखीची आहे. आणि यात राजकारण नव्हतं असंही नाही. १८५७ नंतर इंग्रजांना आपण या देशातल्या बादशाहांचे वारस आहोत असं दाखवायचं होतं. घुमट, छत्र्या, झरोके ही बादशाहीची भाषा त्यांनी म्हणूनही उचलली. पण भाषा एकदा उचलली की ती फक्त मालकाचं सांगत नाही, स्वतःचंही बोलत राहते.

इमारत नीट बघा. खालचा दगड करडा-काळा, तो कुर्ल्याचा. आपल्या सह्याद्रीचाच, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झालेला बेसाल्ट. कठीण, पाणी न पिणारा, भार सोसणारा. त्याच्या जोडीला पिवळसर दगड आहे तो मालाडचा. तो हत्याराला वश होतो, म्हणून नक्षीला बरा. म्हणजे साहेबानं आराखडा काढला, पण भिंती उभ्या राहिल्या त्या मुंबईच्याच पोटातल्या दगडांच्या. भिंतीबाहेर झेपावलेले सज्जे, त्यांना पेलणाऱ्या दगडी घोड्या, छज्जे, जाळ्या, खोल ओसऱ्या, यांना मी बरीच वर्षं नुसती शोभा समजत होतो. प्रत्यक्षात ते मुंबईच्या उन्हापावसाचं उत्तर आहे. छज्जा पावसाची झड भिंतीवर येऊ देत नाही. खोल ओसरी उन्हाला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. जाळी वारा आत घेते आणि चकाकी बाहेर ठेवते. पंखे-दिवे नसताना माणसानं सावली कशी साठवायची, हे या शैलीनं शेकडो वर्षांत शिकून ठेवलं होतं. विटेट ते शिकला.

आता घुमट. हे समजायला अब्बांनीच मला घरी एक खेळ करून दाखवला होता. चौकोनी डबा घ्यायचा आणि त्यावर गोल वाटी पालथी घालायची. वाटी मोठी असेल तर डब्याबाहेर लोंबते, बरोब्बर बसवली तर चार कोपरे उघडे पडतात. "त्या उघड्या कोपऱ्यांचं काय करायचं, त्यातच घुमटाची सगळी विद्या आहे," असं अब्बा म्हणायचे. खोली चौकोनी असते, घुमट गोल असतो. शिवाय घुमट खाली तर दाबतोच, वर बाहेरच्या बाजूलाही ढकलतो. भिंतींनी ते ढकलणं सोसलं नाही, तर घुमट पाय पसरून बसतो आणि कोसळतो.

विजापूरच्या कारागिरांनी यावर फार देखणा तोडगा काढला. १६५६ साली वारलेल्या मोहम्मद आदिलशहाची कबर म्हणजे गोल घुमट. आत सुमारे ४१ मीटर लांबी-रुंदीची चौरस जागा, मध्ये एकही खांब नाही. भिंतींपासून आठ कमानी उठतात आणि एकमेकींना छेदत जातात. खाली उभं राहून वर पाहिलं, तर एक चौकोन दुसऱ्या चौकोनावर तिरका ठेवल्यासारखी चांदणी दिसते. कोपरे या कमानींनी गिळून टाकलेले असतात. चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचं वर्तुळ होतं आणि वर्तुळावर घुमट अलगद टेकतो. कमानींवरचं बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं असल्यामुळे त्याचं वजन घुमटाच्या बाहेर ढकलण्याला आवरून धरतं. एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि दोघं मिळून साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभे आहेत.

विटेटनं आपल्या मधल्या दालनावर हीच युक्ती वापरली. जाणकार सांगतात, बाहेरून दिसणाऱ्या घुमटाला गोवळकोंड्याचं वळण आहे आणि आतल्या एकमेकींना छेदणाऱ्या कमानी गोल घुमटाच्या आहेत. कुंपणाबाहेर उभे राहून अब्बा बोलले ते निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं आत होतं, आणि आत आम्ही गेलो नव्हतो.

त्याच दालनातला लाकडी सज्जा बघा. हा नाशिकच्या एका जुन्या वाड्यातला. त्याचे खांब, कमानी, कठडे विटेटनं विकत घेऊन इथं बसवले. त्याखालचे खांब जैन मंदिरांच्या धाटणीचे. म्हणजे एकाच छताखाली आदिलशाही कमानी आहेत, जैन घडणीचे खांब आहेत आणि पेशवाई वळणाचं लाकूडकाम आहे. तिघं भांडत नाहीत. आपण जिथं उभे राहतो तिथून तिन्ही एका नजरेत दिसतात.

इमारत १९१४ साली तयार झाली. पण संग्रहालय उघडलं नाही. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. कोरी इमारत लष्करी रुग्णालयाला दिली गेली. ज्या ओसऱ्या मूर्तींसाठी थंड ठेवल्या होत्या, तिथं खाटा पडल्या. पुढे बालकल्याणाचं एक प्रदर्शनही तिथं भरलं. १९२० पर्यंत हे असंच चाललं. शेवटी १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. कोनशिलेपासून दार उघडेपर्यंत सोळा वर्षं गेली. मधल्या काळात शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेतला गेला होता. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रहही इथं आले. १९९८ साली नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आलं.

रस्ता ओलांडा. दुसरं दार. समोर चौकाच्या वळणाला आपलं अंग वळवून उभी असलेली गोलसर इमारत दिसते. हीसुद्धा विटेटचीच. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतींचा जो समूह १९११ पासून इथं उभा राहिला, त्यातलं हे सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. गंमत बघा, तोच वास्तुकार, तोच रस्ता, जवळपास तीच वर्षं. पण इथं विजापुरी वळणाचे घुमट-झरोके नाहीत. इथं युरोपातल्या प्रबोधनकाळाचं वळण आहे. विज्ञान शिकवायचं तर युरोपची भाषा, आणि पुराणवस्तू ठेवायच्या तर हिंदुस्थानची, अशी वाटणी त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या डोक्यात असावी, असं मला या दोन इमारती समोरासमोर बघताना नेहमी वाटतं.

'सार्वजनिक' हा शब्द या सभागृहानं खऱ्या अर्थानं निभावला. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतर इथं राजकीय सभा गाजल्या, संगीताचे जलसे झाले. मग शहरात नवी, वातानुकूलित, आवाज नीट पोचवणारी सभागृहं आली आणि याचे दिवस फिरले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या बैठका, लग्नाचे स्वागतसमारंभ, कपड्याजोड्यांचे सेल, जे येईल ते इमारतीनं पदरात घेतलं. काहींना ही उतरती कळा वाटते. मला तसं वाटत नाही. ज्या इमारतीत कामगार बैठकीला येतो आणि एखाद्या पोरीचं लग्न लागतं, ती काही मेलेली इमारत नव्हे. पण छत गळत होतं, भिंती खचत होत्या आणि अशा जागेवर कुणाची नजर पडायला मुंबईत वेळ लागत नाही.

तेव्हा शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी हट्ट धरला की इथं आधुनिक कलेचं संग्रहालय व्हावं. काम बारा वर्षं रखडत-चालत राहिलं. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी बाहेरचं अंग तसंच ठेवलं आणि आतल्या एका उंच दालनात अर्धगोल सज्ज्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी दालनं रचली. जिथं एकच मोठी पोकळी होती, तिथं चढत, थांबत, वळत बघायची जागा झाली. माथ्यावरच्या घुमटाखालीही चित्रं लागू लागली. १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून ते खुलं झालं. ते बघायला पिलूबाई नव्हत्या. त्या १९८६ सालीच गेल्या होत्या.

आता तिसरं दार, म्युझियमच्याच अंगणाला लागून. जहांगीर आर्ट गॅलरी. ज्या घराण्यानं सभागृह दिलं, त्याच घराण्याची ही पुढची पिढी. दुसरे सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, आठवणीसाठी ही गॅलरी दिली. त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. दुर्गा बाजपेयी आणि जी. एम. भुता या वास्तुविशारदांची नावं या इमारतीशी जोडली जातात.

इथं घुमट नाही, कमान नाही, कोरीव दगड नाही. आहे ते सिमेंट-काँक्रीट. देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि नव्या इमारतींना आता ना गॉथिक बोलायचं होतं ना बादशाही. दारावर खांबांच्या आधाराशिवाय पुढे झेपावलेलं काँक्रीटचं छत आहे. दगडाला फक्त दाब सोसता येतो, ताण सोसत नाही. म्हणून दगडाला कमान लागते. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात आणि सळी ताण सोसते. म्हणून काँक्रीट हात पुढे करून उभं राहू शकतं. रस्त्याच्या एका टोकाला दगडाची युक्ती, दुसऱ्या टोकाला लोखंडाची. मधलं अंतर दोन मिनिटांचं.

जहांगीरच्या दाराची आणखी एक खूण आहे. तिथं तिकीट नाही. पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलेला माणूससुद्धा चित्रं बघून बाहेर पडतो. याच इमारतीत १९६४ पासून 'समोवार' नावाचं लांबट, चिंचोळं कॅफे होतं. तिथं चित्रकार, नाटकवाले, पत्रकार आणि आमच्यासारखे खिशात पैसे नसलेले कवी एका चहावर तास काढत. २०१५ साली ते बंद झालं. पण बाहेरच्या फुटपाथवर तरुण चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. आतली भिंत मिळायला वर्षं लागतात. बाहेरच्या कठड्याला चित्र टेकवलं की झालं प्रदर्शन.

२०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. २०२२ साली म्युझियमच्या इमारतीच्या जतनकामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. असं काम फार कष्टाचं असतं. जुन्या दगडावर सिमेंट चोपडलं तर दगड श्वास कोंडून फुटतो, तिथं चुनाच लागतो, हे अब्बा मला लहानपणी सांगायचे. म्युझियमनं २०१५ पासून एक फिरतं संग्रहालयही चालवलं आहे. बसमध्ये वस्तू मांडून ती गावोगावच्या शाळांपर्यंत नेतात. म्हणजे आता दारच गावाला जातं. मला हे पुरस्काराहून मोठं वाटतं, कारण फाटकाशी थांबलेला माणूस मी जवळून पाहिला आहे.

बी.ए. होऊन १९९४ साली नोकरीसाठी मी मुंबईला आलो. पहिल्या पगाराच्या रविवारी म्युझियममध्ये गेलो. मधल्या दालनात उभा राहून वर पाहिलं आणि त्या कमानी दिसल्या. खोलीवर येऊन अब्बांना आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात प्रकृतीची चौकशी एका ओळीत होती आणि पुढे प्रश्न: कोपरे कसे बुजवलेत? कमानी भिंतीतून निघतात की खांबातून? दगडाचे सांधे दिसतात का? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. मी बघितलं होतं, पण गवंड्याच्या नजरेनं बघितलं नव्हतं.

१९९७ साली अब्बा आले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, इस्त्री केलेला पायजमा. फाटकाशी क्षणभर थांबले. मग आत आले. मधल्या दालनात मान वर करून ते अर्धा तास उभे राहिले. मधूनच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून काहीतरी ताडून बघत होते. शेवटी एक पहारेकरी जवळ आला आणि आपुलकीनं म्हणाला, "चाचा, मूर्ती तिकडं आहेत, चित्रं वर आहेत."

अब्बा म्हणाले, "बघतो, बघतो. आधी हे बघून होऊ दे."

त्या दिवशी आमच्या मूर्ती बघायच्या राहूनच गेल्या. संध्याकाळी जहांगीरच्या त्या पुढे आलेल्या छताखाली उभे राहून त्यांनी मला विचारलं, "याला खालून टेकू कुठंय?" मी सळ्यांचं सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. फक्त मला माहीत आहे का, ते बघायचं होतं.

अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात, तर असं करा. फ्लोरा फाउंटनकडून चालत या. उजव्या हाताला ससून लायब्ररीच्या टोकदार कमानी बघा. डाव्या हाताला जहांगीरचं काँक्रीटचं छत बघा. मग म्युझियमचा घुमट, आणि त्याच्या समोर सभागृहाची वळणदार भिंत. चौकात रीगल सिनेमा आहे, तो १९३३चा. पाऊणशे-ऐंशी वर्षांत माणसानं छत पेलायच्या किती तऱ्हा शोधल्या, ते दहा मिनिटांच्या चालण्यात समजतं. बरोबर लहान मूल असेल तर घरून एक चौकोनी डबा आणि एक वाटी घेऊन जा. म्युझियमच्या हिरवळीजवळ बसून त्याला वाटी डब्यावर ठेवायला सांगा आणि उघड्या कोपऱ्यांविषयी विचारा. मग त्याला आत न्या आणि मान वर करायला सांगा.

आणि फाटकाशी कुणी कपड्यांकडे बघत घुटमळताना दिसलं, तर त्याला एवढंच सांगा की या इमारतीत मुंबईच्या माणसांचे अडीच लाख रुपये आहेत.